ब्रेकच्या दिवसाची सही

४ जानेवारी

धाकटे,

तुझ्या चपला अजून रॅकमध्येच आहेत. खालच्या कप्प्यात, डावीकडे. पट्ट्यावरचा नेलपॉलिशचा लाल ठिपका अर्धा उडालाय, पण दुसऱ्या कुणी त्या घातल्या की मी ओरडते, त्यामुळे कुणी हात लावत नाही. तीन वर्षांनी पत्र लिहायचं ते चपलांसाठी, असं समजू नकोस. कारण आहे, सांगते. सुरुवात कुठून करावी ते कळेना, आणि सकाळी युनिटच्या दारात चपला बदलताना त्या दिसल्या, म्हणून तिथून केली.

पत्ता तुझ्या अर्जावरून घेतला. न विचारता घेतला, माफ कर. तू अर्ज ऑफिसला पाठवलास, मला नाही, हे समजतं मला. पण ऑफिसातले कागद फिरून फिरून शेवटी त्या त्या वॉर्डच्या इन्चार्जच्या टेबलावर येतात, आणि आपल्या नवजात बाळांच्या युनिटची इन्चार्ज आता मी आहे. हेडक्लार्कांनी परवा अर्ज माझ्यापुढे टाकला. म्हणाले, "बाई, हे तुमचंच लेकरू ना? अनुभवाचा दाखला मागतंय. बघा काय ते, आणि द्या परत."

लेकरू म्हणाले. मी तिची आई नाही, ताई आहे, असं म्हणणार होते. पण आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची आणि मी एकवीसची. तुझ्या वेण्या मी घातल्या, तुझ्या शाळेत सह्या मी केल्या, नर्सिंगची फी मी भरली. म्हणून हो म्हटलं.

अर्ज चार वेळा वाचला. अक्षर तसंच आहे तुझं, उजवीकडे कललेलं, ड्युटी सुटायची घाई असल्यासारखं. अर्जाला जोडलेली जाहिरातही वाचली. तू जायचं म्हणतेस तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलात नवजात बाळांच्या नर्सची जागा आहे, सलग पाच वर्षांचा अनुभव हवा, दाखला एकतीस मार्चच्या आत पोचायला हवा. मी ती चिमणीला वाचून दाखवली. चिमणी म्हणजे आपल्याकडची नवी कंत्राटी मुलगी, आवाजावरून नाव पडलं. तिकडे म्हणे बाळांच्या नर्सला वेगळी श्रेणी, दर तीन वर्षांनी वरची पायरी, कोर्स केला तर त्याचे वेगळे पैसे, आणि एका नर्सकडे दोनच बाळं. चिमणी म्हणाली, "ताई, असं खरंच असतं का कुठं?" तिच्याकडे त्या वेळी सात बाळं होती.

तू सध्या काय करतेस तेही अर्जातच कळलं. औषधांच्या दुकानात काउंटरवर. सहाशे ग्रॅमच्या बाळाची शीर पहिल्या टोचणीत धरणारा हात, आणि तो खोकल्याच्या बाटल्या पिशवीत भरतोय. वाचून मला फार राग आला. कुणाचा, ते विचारू नकोस.

अर्जावर अजून काही लिहिलेलं नाही. बघते काय करता येतं.

तुझी ताई


१९ जानेवारी

धाकटे,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज टपालाचा ट्रे चाळते. शिपाई विचारतो, "बाई, काय लॉटरी लागायचीय का?"

मला बढती मिळाली हे तुला कुणी ना कुणी सांगितलंच असेल. एकोणीस वर्षांनी. पण पगार किती वाढला ते कुणी सांगितलं नसेल. ऐक आणि हस. महिन्याला चपलांचा एक बरा जोड येईल, एवढा. पहिल्या महिन्यात मी खरंच जोड घेतला, टाचा कामातून गेल्यात माझ्या. दुसऱ्या महिन्यापासून ती वाढ कुठे जाते ते कळतही नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आणि याच्या पुढे पायरीच नाही. मेट्रनची जागा एक, तिला मोठ्यांच्या सगळ्या वॉर्डांतून फिरून आलेली बाई लागते. तुम्ही काय, आयुष्यभर बाळांपाशीच बसलात, म्हणतात. मी तो वर्षभराचा नवजात बाळांचा कोर्स केला, आठवतं? तू मला पाठांतर करून घ्यायचीस. त्याचं प्रमाणपत्र माझ्या सेवापुस्तकात चिकटवलंय. चिकटवलंय, एवढंच.

मध्यंतरी जोखमीचा भत्ता मागायला आम्ही चौघी ऑफिसात गेलो होतो. हेडक्लार्क म्हणाले, "मोठ्यांच्या आयसीयूला आहे हो. तुमचे पेशंट नऊशे ग्रॅमचे. जोखीम ती कितीशी असणार?" मी म्हटलं, "भत्ता किलोवर असतो होय? मग मला हाडांच्या वॉर्डात टाका, तिकडे चांगले शंभर-शंभर किलोचे आहेत." सगळं ऑफिस हसलं. भत्ता काही मिळाला नाही.

बाळांना हात लावायचं मात्र सुटलं. इन्चार्जनं टेबलाशी बसायचं, ड्युट्यांचे तक्ते लावायचे, कुठला मॉनिटर बिघडला त्याचं पत्र टाकायचं. उंटावरून शेळ्या हाकायच्या. कधी कधी दुपारी उगाच उठते, कोपरापर्यंत हात धुते, तळवे एकमेकांवर घासून गरम करते, आणि मग लक्षात येतं की मला कुणाला उचलायचं नाहीये. परवा एक बाळ श्वास घ्यायला विसरलं. चिमणी अलार्मकडे धावली, मी बाळाकडे. तळपायाला टिचकी मारली आणि त्याला आठवला श्वास. घरी तू झोपलीस की तुझ्याही तळपायाला मी अशीच टिचकी मारायचे. "मी काही सहाव्या महिन्यात जन्मले नाही, झोपू दे ना ताई!" असं खेकसायचीस.

गेल्या आठवड्यात चिमणीचे अकरा महिने भरले. तिला ब्रेक समजावून सांगणं माझ्याकडे आलं. कंत्राट अकरा महिन्यांचं. ते संपलं की एक दिवस नोकरी नाही, त्या दिवशी तू इथली कुणी नाहीस. दुसऱ्या दिवसापासून नवं कंत्राट. "असं कशाला?" म्हणाली. सलग वर्ष भरलं तर कायम करा म्हणून हक्क सांगशील, म्हणून, असं म्हटलं. ती म्हणाली, "पण त्या दिवशी माझ्या बाळांना कोण बघणार?"

माझ्या तोंडून 'तूच' निघत होतं. जीभ चावली. म्हटलं, "घरी झोप काढ. फोन बंद ठेव. मी केला तरी उचलू नकोस."

तुझ्या दाखल्याचं असं आहे, की तुझ्या फायलीत शेरा आहे. 'नोकरीत नसताना, कुणी न बोलावता युनिटमध्ये येऊन बाळाला हाताळले. पुन्हा कामावर घेऊ नये.' तो शेरा आहे तोवर ऑफिस दाखला देत नाही. त्या दिवशी तू आलीस हे तर खरंच आहे ना? मग मी काय करणार?

ताई


११ फेब्रुवारी

धाकटे,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य पत्र पेटीत पडल्यावर ऐकू आलं मला. पेटीत हात जात असता तर तिथंच उभी राहून फाडलं असतं. 'तू आलीस' म्हणे. करून सवरून नामानिराळी.

तू आली नाहीस. मी बोलावलं.

लिहिलं एकदाचं. तीन वर्षांत हे वाक्य मी स्वतःशीसुद्धा पुरं केलं नव्हतं. आता पुढचंही लिहिते. तुला सगळं माहीत आहे, पण मला माहीत आहे हे तुला कळायला हवं.

तुझा सातवा ब्रेक. सकाळी दोन नर्सेस आल्याच नाहीत, आत नऊ बाळं आणि आम्ही दोघी. दादासाहेब आदल्या दिवसापासून पोट फुगवून होते. सातशे दहा ग्रॅमचं जन्मलेलं ते पोरगं, सारखे अलार्म वाजवून सगळ्यांना नाचवायचं, म्हणून तूच ते नाव ठेवलंस. चाळीस दिवस तुझ्या हातचं. किलोच्या वर गेलं त्या दिवशी तू सगळ्या ड्युटीला चहा पाजलास. मी वॉर्डच्या फोनवरून घरी फोन लावला. "ये गं अर्धा तास." तू म्हणालीस, "ताई, आज मी तिथली कुणी नाही." आणि मी म्हटलं, "बाळांना ब्रेक कळत नाही."

दर ब्रेकला मी हेच म्हणायचे, आणि दर ब्रेकला तू यायचीस. निम्म्याहून कमी पगारावर माझ्याइतकंच काम करायचीस, आणि त्यातला एक दिवस फुकट. मला त्यात काही वाटायचं नाही. उलट बरं वाटायचं, की बघा, माझ्या बहिणीचा बाळांवर किती जीव. तुझा जीव मी ड्युटीच्या तक्त्यात भरत होते.

आधीच्या सहा ब्रेकना आपलं ठरलेलं असायचं. काम तू करायचं, दूध किती गेलं, श्वास किती, ताप किती, सगळे आकडे तू लिहायचे, आणि सही मी करायची. सातव्या वेळी दुपारी दोनच्या रकान्यात तू स्वतःची सही केलीस. सवयीनं. दर दोन तासांनी सही करणारा हात तो, त्याला काय ठाऊक आज आपण नोकरीत नाही. मला ती सही संध्याकाळी दिसली होती. म्हटलं, कोण बघतंय.

दादासाहेब पाच वाजून दहा मिनिटांनी गेले. त्यांचं आतडं आदल्या दिवशीच गेलं होतं. कुणाची चूक नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं, आणि ते खरं होतं. त्याची आई वाटेत होती. तू नळ्या सोडवून त्याला उराशी घेतलंस आणि ती येईपर्यंत तशीच बसलीस. ती आली तेव्हा तो अजून ऊबदार होता. ती तुझ्या गळ्यात पडली. मी फोनवर होते, उद्यासाठी नर्स शोधत.

मग बाळाच्या वडिलांनी कागद मागितले. त्यांना मी दोष देत नाही. ज्याचं पोर गेलं तो कागदच चाळणार, दुसरं काय राहतं त्याच्याकडे. त्यांना ती सही सापडली. "ही कोण? हजेरीत हे नाव नाही."

चौकशीची खोली आठवते मला. तीन माणसं, झाकण घातलेले पाण्याचे तीन ग्लास, आणि आपण दोघी उभ्या. "यांना कुणी बोलावलं होतं?" बढतीची यादी आठ दिवसांवर होती. मी म्हटलं, "मी नाही बोलावलं. ती आपल्या मनानं आली."

तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. 'ताईनं फोन केला' एवढं म्हणाली असतीस तरी मला मागे फिरायला वाट राहिली असती. तू त्यांच्याकडे बघून म्हणालीस, "हो. मी आपल्या मनानं आले."

घरी आले तर तुझा कप धुऊन पालथा घातलेला होता आणि कपाटातली तुझी बाजू रिकामी. त्यानंतर मी स्वतःला काय काय सांगितलं ते ऐक. दोघींची नोकरी जाण्यापेक्षा एकीची राहिली ते बरं. तुझी काय, कंत्राटीच होती. तू तरुण आहेस. तुला कुठंही मिळेल. हे सगळं मी आरशासमोर उभं राहून, केस विंचरता विंचरता स्वतःला पटवलंय.

चपलेच्या एका जोडासाठी मी तुला विकलं, धाकटे. ती एकच पायरी होती एकोणीस वर्षांत, आणि मला ती हवी होती. फार हवी होती.

ताई


२ मार्च

धाकटे,

ऑफिसात जाऊन हेडक्लार्कांना म्हटलं, तो शेरा खोटा आहे, तो माझ्यामुळे लागला, काढायचं काय करावं लागेल? त्यांनी चष्मा काढला. मग खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

म्हणाले, "बाई, शेरा निघेलही. पण तेवढ्यानं भागत नाही. त्यांना सलग पाच वर्षं हवीत. तुमच्या बहिणीची आहेत अकरा-अकरा महिन्यांची सात कंत्राटं. मध्ये दर वेळी एक दिवसाची फट. कागदावर ती पोरगी एकदाही सलग वर्षभर इथं नव्हती."

मी जिन्यात बसून राहिले. साडेसहा वर्षं तू त्या खोलीत उभी होतीस. तिथून किती बाळं घरी गेली, ती आता शाळेत जात असतील. आणि कागद म्हणतो, एक वर्षसुद्धा नाही.

मग आठवलं, की त्या फटींमध्ये तर तू आतच होतीस.

रेकॉर्डरूममध्ये तीन दुपारी काढल्या. धुळीनं घसा बसला. जुने तक्ते गठ्ठ्यांनी बांधलेले आहेत. एकेक ब्रेकची तारीख काढली आणि त्या तारखेचा तक्ता उघडला. सहाही सापडले. आकडे सगळे तुझ्या कललेल्या अक्षरात आणि खाली सही माझी. कुणाही आंधळ्याला कळेल. सहा दिवस, अक्षर तुझं, सही माझी. आणि सातवा तक्ता चौकशीच्या फायलीत. त्यावरची सही तेवढी खरी आहे, बाकी सहा खोट्या. खरी होती तिनंच तुला बुडवलं.

मेट्रनबाईंकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं. "गाडलेली मढी कशाला उकरताय? सहा खोट्या सह्या म्हणजे काय, कळतंय का? नोकरी जाईल. पेन्शनला किती राहिली तुमची?" बाई वाईट नाहीत. मला पाणी दिलं त्यांनी. म्हणाल्या, "बहिणीला दुसरं काहीतरी मिळेल हो." मी म्हटलं, "तेच म्हणत मी तीन वर्षं झोपले."

अजून लिहून दिलेलं नाही. तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हेही सांगते. कागद समोर घेते, पेनचं टोपण काढते, आणि भाड्याचा, औषधांचा हिशेब मनात सुरू होतो. मी भित्री आहे. तू लहान होतीस म्हणून मी शूर वाटायचे तुला.

ताई


६ मार्च

धाकटे,

दिलं लिहून. दोन पानं. सातही वेळा मीच बोलावलं, सहा वेळा तिच्या कामावर मी सही केली, आणि चौकशीत मी खोटं बोलले. हेडक्लार्कांनी वाचलं आणि एकच सांगितलं, "ती तुमची बहीण आहे हे यात कुठं घालू नका. तिकडचे लोक नातेवाइकाची साक्ष धरत नाहीत. वॉर्डची इन्चार्ज म्हणूनच लिहा."

बहीण शब्द खोडला. पान पुन्हा लिहून काढलं.

ताई


२३ मार्च

धाकटे,

सोबत दाखला आहे. आधी तो नीट बाजूला ठेव, मग पुढचं वाच.

'नवजात अतिदक्षता कक्षात सहा वर्षे पाच महिने, सलग.' त्या 'सलग'साठी ऑफिसात दोन तास वाद झाला. शेवटी सहाही तक्ते टेबलावर मांडले आणि साहेबांना म्हटलं, "हे अक्षर त्या दिवशी इथं नव्हतं, असं तुम्ही लिहून द्या." ते काही त्यांना लिहवेना. शेराही काढला. त्याची आणि माझ्या जबाबाची प्रत दाखल्याला जोडली आहे, तिकडे सोबतच जायला.

खोली तीच, ग्लास तेच. या वेळी मी एकटी. मला काढायचं जवळजवळ ठरलं होतं. मग मेट्रनबाई म्हणाल्या, "काढा, पण बाळांच्या शिरेत सुई घालणारी दुसरी द्या मला उद्या सकाळी."  तेव्हा मला पुन्हा साधी नर्स केलं. पगार दहा वर्षांपूर्वीचा, बढतीचा रस्ता कायमचा बंद. आता बंद करायला तिथं होतं तरी काय, सांग. शिक्षा म्हणून मला बाळांपाशी पाठवलंय. पहिल्या दिवशी हात धुतले, तळवे घासले, आणि खरंच एकाला उचललं. साडेआठशे ग्रॅम. तिथंच रडू फुटलं. चिमणी घाबरली, तिला वाटलं पगारासाठी रडतेय.

दादासाहेबांच्या घरीही गेले होते. वडिलांना सांगितलं की त्या सहीवाल्या मुलीला मीच बोलावलं होतं.  आई आतून म्हणाली, "त्या सिस्टरनी त्याला उराशी घेतलं होतं. मला एवढंच लक्षात आहे." तुला हे कळवावंसं वाटलं.

माफी मागत नाही. माफी मागितली की तुला एक काम लागतं, द्यायची की नाही ते ठरवायचं. तुझ्या डोक्यावर आणखी एक ड्युटी नको. रजिस्टर टपालानं पाठवतेय, पोचपावती लावून. हाती पडला की लगेच पुढे धाड, एकतीसच्या आत पोचेल.

ताई


२७ एप्रिल

धाकटे,

पोचपावती परत आली. त्यावर तुझी सही आहे, बाकी काही नाही. मी ती पाकिटात जपून ठेवली आहे. तीन वर्षांत तुझ्याकडून आलेली तेवढीच वस्तू.

आज सकाळी अकराला वॉर्डचा फोन वाजला. तोच फोन, ज्याच्यावरून मी तुला बोलवायचे. तिकडच्या हॉस्पिटलातल्या बाई बोलत होत्या, स्वच्छ, सावकाश. म्हणाल्या, तुमचा जबाब वाचला, खात्री करून घ्यायची आहे. कामाला कशी होती? मी म्हटलं, "तुमच्याकडे जे सगळ्यात नाजूक बाळ असेल ते तिच्याकडे द्या आणि तुम्ही घरी जा." त्या हसल्या. मग ब्रेकचं विचारलं. त्यांना कळेचना. दोनदा समजावून सांगितलं. "म्हणजे त्या दिवशी ती नोकरीत नव्हती, आणि तरी काम करत होती? का?" मी म्हटलं, "मी बोलवायचे म्हणून." त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडून पक्कं आहे. तिला आजच कळवतोय."

 तिथंच भिंतीला टेकले.

मग म्हणाल्या, "एक शेवटचं. फॉर्ममध्ये 'जवळचे नातेवाईक' यापुढे तिनं 'कुणी नाही' असं लिहिलंय. आणि तुमचं आणि तिचं आडनाव एकच दिसतंय. तुम्ही नात्यातल्या असाल तर ही साक्ष आम्हाला धरता येणार नाही, म्हणून विचारते."

काचेपलीकडे चिमणी बाळाचं वजन करत होती. आकडा थांबायची वाट बघत होती, श्वास धरून, तू बघायचीस तशी.

मी म्हटलं, "नाही. ते आडनाव इकडे पुष्कळ जणींचं आहे. तिनं लिहिलंय ते बरोबर आहे. तिला कुणी नाही."

त्यांनी आभार मानले आणि फोन ठेवला. पाच नंबरच्या बाळाचा अलार्म वाजत होता. गेले, तळपायाला टिचकी मारली. घेतला त्यानं श्वास.

तुझ्या चपला चिमणीला दिल्या. तिची कालच तुटली. ठिपका तेवढा पुसू नकोस म्हटलं.

तिकडे थंडी असते म्हणतात. बाळाला हात लावण्याआधी हात गरम करशीलच, ते सांगायला नको. स्वतःही काहीतरी गरम घालत जा. यानंतर मी लिहिणार नाही. तिकडे कुणाच्या हाती एखादं पत्र पडलं आणि नातं उघडं झालं, तर तुझं पुन्हा नुकसान माझ्याच हातून व्हायचं. म्हणून पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घालत नाही, आणि खाली सहीही करत नाही.

अक्षर ओळखशील.